घरच्या मिश्रणाचा सरंजाम : प्रस्तावना

लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी जो एकच दवाखाना होता, त्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसणारे कंपाउंडर, डॉक्टरांची चिठ्ठी हाती पडताच, फळीवरच्या बरण्यांतून दोन-तीन द्रव काचेच्या मापात मोजून घेत, ते बाटलीत ओतून बाटली हालवीत, आणि मग कात्रीने कागदाच्या पट्टीला कंगोरे पाडून ती खळीने बाटलीवर चिकटवीत. म्हणजे एका वेळी किती औषध घ्यावयाचे, हे ज्याला अक्षरओळख नाही अशा माणसालाही त्या कंगोऱ्यांवरून कळावे. त्या खोलीतला सरंजाम मोजकाच होता: एक तराजू, काचेची दोन मापे, एक खल, थोडी बुचे, खळीची वाटी आणि नोंदींची वही. पुढे मी स्वतः औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी झालो आणि आयुष्याचा बराचसा काळ इंग्लंडमध्ये औषधांच्या दुकानात घालवला. तथापि मिश्रण करणाऱ्याच्या शिरावर कोणती जबाबदारी असते, याची पहिली समज मला त्या कातरलेल्या कागदी पट्टीने दिली, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

या आठवणीचे प्रयोजन असे की, प्रस्तुत पुस्तिकेचा विषय म्हणजे ती मागची खोलीच घराघरांत नेऊन ठेवण्याचा उद्योग आहे. ई-सिगारेटमध्ये भरावयाचे द्रव, ज्याला वापरणारे लोक ई-लिक्विड किंवा नुसते ज्यूस म्हणतात, ते तयार बाटल्यांतून विकत न घेता स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने मिसळणारे लोक ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील इतर देशांत पुष्कळ आहेत. आणि त्यांपैकी नवख्या माणसाने प्रारंभी कोणती साधने घ्यावी, कोणती घेऊ नयेत, आणि जी घ्यावयाची ती कोणत्या कारणासाठी, एवढाच या पुस्तिकेचा मर्यादित हेतू आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, सिगारेट सोडून वाफेकडे वळलेल्या आणि आता हे मिश्रण घरी करू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी ती लिहिली आहे. मायभाषेत हा तपशील मिळाला तर चूक होण्याचा संभव कमी होतो, कारण मापाच्या आणि धोक्याच्या गोष्टी माणसाला आपल्या भाषेत अधिक नेमकेपणाने कळतात, अशी माझी अनुभवाने बनलेली धारणा आहे.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट शब्दांत सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघून ई-सिगारेटवर बंदी आली आणि त्याच वर्षी संसदेने त्या वटहुकुमाच्या जागी कायदा केला. त्या कायद्यान्वये ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात ही सर्व निषिद्ध आहेत; साठवणीखेरीज इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. सबब पुण्यात किंवा पणजीत बसून या पुस्तिकेबरहुकूम काही करू पाहणाऱ्याला येथे कोणतीही मुभा दिलेली नाही, आणि सुट्टीवर मायदेशी जाताना या सरंजामातले काही पेटीत घालून नेण्याचा विचारही कोणी करू नये. त्याचप्रमाणे, ज्याने कधी धूम्रपान केले नाही त्याने केवळ नवलाई म्हणून या वाटेला जावे असे पुस्तिकाकाराचे किंवा माझे मत नाही. निकोटीन हे सवय जडवणारे द्रव्य आहे आणि ती सवय धुरातून जडो वा वाफेतून, ती सोडवणे कष्टाचेच असते.

मग हा खटाटोप कोणासाठी? ज्यांची छाती वीस-पंचवीस वर्षे धुराने भरत आली, त्यांच्यासाठी. सिगारेट जळते, आणि जळणाऱ्या पानातून डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतात; ई-सिगारेटमध्ये जळण्यासारखे काही नसते, तारेचे बारीक वेटोळे विजेने तापते, त्याच्याभोवतीच्या कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते आणि तीच ओढली जाते. शेन्यांग येथील हॉन लिक नावाच्या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ साली या साधनाला आजचे रूप दिले. तो स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेला होता, आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्याच्या पूर्वी, १९६५ साली, हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन गृहस्थाने तंबाखूविरहित, धूरविरहित सिगारेटचे पेटंट मिळवले होते, पण त्या काळी त्याला कोणी कारखानदार भेटला नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ च्या अहवालात वाफेपासूनचा दीर्घकालीन अपाय धुराच्या मानाने पाच टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव नाही असा निष्कर्ष मांडला; जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मात्र याहून कितीतरी अधिक सावध आहे, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्यापुरते बोलावयाचे तर, दुकानात येणाऱ्या ज्या माणसाला जिन्याचा पहिला टप्पा चढताना दम लागत असे, त्याने सिगारेट सोडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर परतलेला रंग मी पाहिला आहे, म्हणून हा मार्ग मी धूम्रपान करणाऱ्यापुरता योग्य मानतो. त्याला निर्दोष मात्र मी मानत नाही.

घरी मिश्रण करण्याची प्रथा ब्रिटनमध्ये बळावली, तिला तेथील कायद्याचाच हातभार लागला आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखूविषयक निर्देशाला अनुसरून ब्रिटनने २०१६ साली जे नियम केले, त्यांप्रमाणे निकोटीनयुक्त द्रव १० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत विकता येत नाही, आणि त्याची तीव्रता मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. व्यापाऱ्यांनी यावर तजवीज काढली ती अशी: ६० मिलिलिटरच्या बाटलीत निकोटीन नसलेले सुगंधी द्रव ५० मिलिलिटर भरावयाचे, आणि रिकाम्या जागेत गिऱ्हाइकाने १८ मिलिग्रॅम तीव्रतेची १० मिलिलिटरची निकोटीनची कुपी स्वतः ओतावयाची, म्हणजे सर्व मिश्रण मिलिलिटरला तीन मिलिग्रॅमचे होते. या दोन वस्तूंना दुकानांत शॉर्टफिल आणि निक-शॉट म्हणतात. जो माणूस अशी कुपी ओततो तो, त्याला जाणीव असो वा नसो, मिश्रण करणाराच झालेला असतो. आणि तेथून पुढे सर्वच घटक वेगवेगळे आणून, आपल्या आवडीचे आणि बरेच स्वस्त द्रव घरी बनवण्यापर्यंतचे अंतर फार थोडे उरते.

ते घटक चारच. प्रोपिलीन ग्लायकॉल हा पातळ द्रव, ज्यात स्वादाचे अर्क विरघळलेले असतात आणि ज्यामुळे घशाला सिगारेटसारखी किंचित टोचणी जाणवते, वनस्पतिजन्य ग्लिसरीन हा दाट, गोडसर द्रव, ज्याने वाफ भरघोस होते, स्वादाचे अर्क, आणि निकोटीन. पहिल्या दोहोंचे प्रमाण कोणी निम्मे-निम्मे ठेवतो, कोणी ग्लिसरीन सत्तर टक्के घेतो. ते ज्याच्या त्याच्या यंत्रावर आणि घशावर अवलंबून असते. पाककृती म्हणून पाहता यात अवघड काही नाही. अवघड आहे ते मोजणे, आणि म्हणूनच या पुस्तिकेचे पहिले आणि सर्वांत मोठे प्रकरण वजनकाट्याचे आहे, ही योजना मला सर्वस्वी योग्य वाटते.

नवख्याचा स्वाभाविक कल सिरिंज घेऊन मिलिलिटरने मोजण्याकडे असतो, कारण सर्व हिशेब मिलिलिटरमध्येच मांडलेले असतात. परंतु ग्लिसरीन हे काकवीसारखे चिकट असते. ते सिरिंजमध्ये ओढताना हवेचे बुडबुडे शिरतात, बाहेर ढकलताना थोडे आतच राहते, आणि प्रत्येक अर्कासाठी वेगळी सिरिंज, वेगळी सुई व शेवटी धुण्याचा ढीग असा पसारा वाढत जातो. वजनाने मोजणाऱ्याला हा त्रास नाही. बाटली काट्यावर ठेवावी, तिचा धडा करावा, म्हणजे आकडा शून्यावर आणावा, एक घटक पिळावा, आकडा वाचावा, पुन्हा धडा करावा आणि दुसरा घटक घालावा. धुवावयाचे भांडे एकही उरत नाही. मात्र येथे एक भेद ध्यानात धरला पाहिजे की, द्रवाचे मिलिलिटर आणि ग्रॅम एकच नव्हेत: दहा मिलिलिटर ग्लिसरीन सुमारे १२.६ ग्रॅम भरते आणि तितकेच प्रोपिलीन ग्लायकॉल सुमारे १०.४ ग्रॅम. जो हे विसरून दोहोंना सारखेच ग्रॅम लावील, त्याचे मिश्रण त्याने योजलेले नसून भलतेच होईल. पुस्तिकेच्या अखेरीस यासाठी कोष्टके दिली आहेत, ती पाठ करण्याची गरज नाही, पण समोर असली पाहिजेत.

काटा किती सूक्ष्म असावा? आमच्याकडे सोनाराच्या पेढीवर गुंजेचा हिशेब चाले. आठ गुंजांचा मासा आणि बारा मासे म्हणजे एक तोळा. एक गुंज ग्रॅमच्या आठव्या भागाहून किंचित कमी भरते, आणि आपल्या कामाला जो काटा लागतो तो या गुंजेचाही बारावा हिस्सा दाखवणारा, म्हणजे ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. हा हट्ट निष्कारण नाही. दहा मिलिलिटर मिश्रणात एखादा तीव्र अर्क एक टक्का घालावयाचा असेल तर तो सुमारे ०.१ ग्रॅम, म्हणजे चारपाच थेंब होतो. स्वयंपाकघरातील काटा एका ग्रॅमपर्यंतच वाचतो, तो एवढ्या वजनाची दखलच घेत नाही, आणि ०.१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा एका थेंबाच्या फरकाने शून्य दाखवील किंवा दुप्पट दाखवील. उलटपक्षी ०.००१ ग्रॅम वाचणारा काटा श्वासाच्या झुळुकेनेही डळमळतो आणि त्यावर मोठी बाटली ठेवता येत नाही; नवख्याने त्याच्या मोहात पडू नये. ०.०१ ग्रॅम सूक्ष्मता आणि ५०० ग्रॅमची क्षमता असलेला, ज्याची तबकडी बाटलीच्या बुडाहून मोठी आहे असा काटा घ्यावा. खिशात मावणारे जवाहिऱ्यांचे छोटे काटे स्वस्त मिळतात, पण त्यांच्यावर बाटली कडेला झुकते आणि आकडाही झाकला जातो.

काट्याचे दोन दोष मात्र दुकानदार सांगत नाही, ते मी येथे नमूद करून ठेवतो, कारण त्यांपायी मी स्वतः पहिल्या महिन्यात तीन बाटल्या मोरीत ओतल्या आहेत. पहिला दोष असा की, विजेची बचत व्हावी म्हणून पुष्कळ काटे मिनिटभर हालचाल झाली नाही तर आपोआप बंद होतात. आपण अर्काचे झाकण उघडत असता काटा मालवतो, आणि बाटलीत आतापर्यंत काय किती गेले याचा सर्व हिशेब त्याबरोबर जातो. ही सोय बंद करता येते असा काटा निवडावा, आणि शक्य तर तो घड्याळाच्या सेलऐवजी भिंतीतल्या विजेवर चालणारा असावा. दुसरा दोष अधिक फसवा आहे. शून्याच्या आसपासचे बारीक बदल हे थरथरीमुळे आलेले आहेत असे समजून काही काटे ते स्वतःच पुसून टाकतात. त्यामुळे धडा केल्यानंतर आपण फार संथपणे एकेक थेंब टाकीत राहिलो तर तीन-चार थेंब आत गेले तरी आकडा शून्यावरच बसलेला असतो, आणि आपण आणखी टाकीत राहतो. यावर उपाय सोपा आहे: सूक्ष्म प्रमाणाच्या अर्कापूर्वी धडा न करता आधीच्या आकड्यावरच बेरीज करीत जावे. काटा खरा आहे की नाही याची रुजवात वेळोवेळी घेण्यासाठी १०० किंवा २०० ग्रॅमचे प्रमाणित वजन ठेवणे उत्तम. पण ते हाताशी नसेल तर ब्रिटनमधील वाचकाच्या खिशातच तजवीज असते, कारण टाकसाळीतून निघालेले एक पेनीचे नाणे ३.५६ ग्रॅम आणि दोन पेनींचे ७.१२ ग्रॅम भरते. झिजलेली नाणी टाळून, त्यांतली पाच-सहा एकत्र ठेवून पाहिली तर काट्याचा पासंग लगेच उघड होतो.

आता निकोटीनकडे वळतो. आणि येथे मला वाचकाचे संपूर्ण लक्ष हवे आहे. शुद्ध निकोटीन कातडीतूनही शरीरात शिरते, आणि पोटात गेल्यास मळमळ, वांत्या, घाम, घेरी येथून सुरुवात होऊन गोष्ट जिवावर बेतू शकते. साठ मिलिग्रॅम निकोटीन प्रौढ माणसाला मारते असे वाक्य शंभरेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून छापले जात होते; ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी २०१४ साली त्याचा माग काढून दाखवले की हा आकडा एकोणिसाव्या शतकातील शंकास्पद आत्मप्रयोगांवर आधारलेला होता आणि खरी मारक मात्रा याहून बरीच मोठी, अर्ध्या ग्रॅमच्या वर असावी. पण या संशोधनाने प्रौढाला थोडा दिलासा मिळाला तरी मुलाला मिळत नाही. निक-शॉटच्या एका कुपीत १८० मिलिग्रॅम निकोटीन असते, तिला फळांचा वास येऊ शकतो, आणि दोन वर्षांच्या मुलाला ती सरबताहून वेगळी वाटत नाही. अमेरिकेने अशाच दुर्घटनांनंतर २०१६ च्या आरंभी निकोटीन द्रवाच्या प्रत्येक बाटलीला मुलांना न उघडणारे झाकण सक्तीचे करणारा कायदा केला. म्हणून सरंजामाच्या यादीत वजनकाट्याच्या खालोखाल मी कुलूप लिहितो: उंचावरची, किल्लीने बंद होणारी पेटी किंवा कपाट, ज्यात निकोटीन आणि तयार मिश्रण दोन्ही राहतील. त्यानंतर नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा. सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. मुलाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी ब्रिटनमध्ये ९९९ हा क्रमांक फिरवावा आणि बाटली बरोबर घेऊन जावी.

निकोटीन किती तीव्रतेचे आणावे, या प्रश्नाचे उत्तरही एका अर्थाने सरंजामाचाच भाग आहे. अमेरिकेत ७२ किंवा १०० मिलिग्रॅम तीव्रतेचे द्रव घरी मिश्रण करणाऱ्यांना मिळते आणि ते स्वस्त पडते. ब्रिटनमध्ये कायद्याने २० च्या वरचे किरकोळ विक्रीत नाही. ही मर्यादा अनेक हौशी लोकांना जाचक वाटते, मला ती नवख्याच्या हिताची वाटते, आणि याचे कारण आकड्यांनीच सांगतो. ३० मिलिलिटर मिश्रण तीन मिलिग्रॅम तीव्रतेचे करावयाचे आहे असे धरा. १८ मिलिग्रॅमच्या द्रवातून ते करताना पाच मिलिलिटर लागतात. ७२ च्या द्रवातून सव्वा मिलिलिटर. दोन्हीकडे मोजण्यात पाव मिलिलिटरची चूक झाली तर पहिल्या मिश्रणात मिलिलिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमचा फरक पडतो, दुसऱ्यात ०.६ मिलिग्रॅमचा, म्हणजे योजलेल्या तीव्रतेचा पाचवा हिस्सा. आणि दशांशचिन्ह चुकले तर? ७२ च्या द्रवाचे सव्वाच्या जागी साडेबारा मिलिलिटर घेणाऱ्याच्या हाती तीनऐवजी तीस मिलिग्रॅमची बाटली येते. १८ चे द्रव वापरणाऱ्याने सगळी बाटली जरी त्यानेच भरली, तरी १८ च्या वर तो जाऊच शकत नाही. चुकीला अशी वरची मर्यादा असणे, हा नवख्याला लाभलेला मोठाच आधार आहे. निकोटीन हवेने आणि उजेडाने तपकिरी पडत जाते; ते काळ्या किंवा तपकिरी काचेच्या लहान, काठोकाठ भरलेल्या बाटल्यांत, थंड जागी ठेवावे, आणि ती जागा खाण्याच्या पदार्थांचा फ्रिज असेल तर कुलुपाच्या पेटीसकट.

ग्लिसरीनविषयी लिहिताना मला मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे द्रव्य मिसळलेले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतच्या सगळ्या साखळीतील हलगर्जीपणा उजेडात आणला. त्याच द्रव्याने १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइडच्या एका गोड औषधातून शंभराहून अधिक बळी घेतले होते, त्यातूनच पुढच्या वर्षी तेथील औषधांचा कायदा जन्माला आला. आणि २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ई-सिगारेटचे नमुने तपासले तेव्हा एका नमुन्यात पुन्हा तेच सापडले. दिसायला आणि चवीला ते ग्लिसरीनसारखेच असते; घरच्या कोणत्याही साधनाने ते ओळखता येत नाही. म्हणून येथे साधन एकच, ते म्हणजे दाखला: ब्रिटिश, युरोपीय किंवा अमेरिकन औषधसंहितेच्या प्रतीचे ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, घाणा क्रमांक (बॅच नंबर) छापलेले, मूळ मोहोरबंद बाटलीत. औद्योगिक प्रतीचा पिंप कितीही स्वस्त मिळो, त्याकडे पाहू नये. ज्या शहराने हा धडा चौदा माणसे गमावून घेतला, त्या शहराची भाषा बोलणाऱ्यांना यावर अधिक सांगण्याची गरज पडू नये.

स्वादाच्या अर्कांची गोष्ट याच जातीची आहे. अर्कावर खाण्यास सुरक्षित असे लिहिलेले असते, आणि ते खरेही असते, परंतु जठर आणि फुप्फुस ही दोन वेगळी दप्तरे आहेत. एकीकडे मंजूर झालेली वस्तू दुसरीकडे मंजूर झाली असे होत नाही. लोण्याचा वास देणारे डायअसिटिल हे याचे सर्वश्रुत उदाहरण होय: २००० साली मिसूरी राज्यातील पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना, लोण्याच्या कृत्रिम अर्काची वाफ वर्षानुवर्षे हुंगल्याने, श्वासनलिका आकसून टाकणारा असाध्य आजार जडल्याचे उघड झाले. ब्रिटनमध्ये निकोटीनयुक्त तयार द्रवात डायअसिटिलला मनाई आहे, पण २०१६ च्या नियमांचा अंमल निकोटीन नसलेल्या सुट्या अर्कांपर्यंत पोहोचत नाही. तेव्हा कस्टर्ड, लोणी, मलई अशा नावांचा अर्क घेताना विक्रेत्याकडे घटकांचा तपशील मागावा आणि तो न मिळाल्यास तो जिन्नस घेऊ नये. तेलाविषयी तर अपवादालाही जागा नाही. आपल्या घरांत वेलदोड्याचे तेल, केवड्याचा अर्क, अत्तराची कुपी, श्रीखंडात घालावयाचा इसेन्स या वस्तू सहज असतात आणि त्यांचा मोह पडणे मी समजू शकतो. पण तेल फुप्फुसात गेले की ते तेथे राहते आणि न्यूमोनियासारखा दाह उत्पन्न करते. अमेरिकेत २०१९ साली जो फुप्फुसविकाराचा उद्रेक झाला, ज्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली, त्याचे प्रमुख कारण म्हणून गांजाच्या अर्काच्या द्रवात मिसळलेले ई-जीवनसत्त्वाचे तेलकट संयुग पुढे आले. स्वयंपाकघरातील एकही सुगंध या कामाला आणू नये.

बाटल्यांबद्दल थोडक्यात: मिसळण्यासाठी आणि वापरण्यासाठी चिंचोळ्या तोंडाच्या, पिळता येणाऱ्या, मुलांना न उघडणाऱ्या झाकणाच्या प्लास्टिक बाटल्या पुरेत, महिनोन्महिने ठेवण्यासाठी काच बरी. दालचिनीचे आणि लिंबूवर्गीय अर्क ई-सिगारेटच्या काही कठीण प्लास्टिकच्या टाक्यांना तडे पाडतात, तेव्हा त्यांच्यासाठी काचेची टाकी असावी. दोन-तीन बोथट सुयांच्या सिरिंज जवळ असाव्यात, काट्याचा सेल संपला तर अडू नये म्हणून. कागदी रुमाल, एक ताट ज्यात सगळे काम करावयाचे, आणि कामाची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर.

चुंबकाने द्रव घुसळणारी यंत्रे, श्राव्यातीत लहरींची कुंडे, उष्णतेच्या पेट्या यांच्या जाहिराती नवख्याच्या डोळ्यांपुढे फार येतात. यांपैकी एकाचीही त्याला गरज नाही. बाटली दोन मिनिटे जोराने हालवली की द्रव एकजीव होते, आणि पुढचे काम काळ करतो. फळांचे मिश्रण दोन-चार दिवसांत वापरण्याजोगे होते, कस्टर्डसारख्या मलईदार मिश्रणाला लोणच्याप्रमाणे मुरावे लागते आणि त्याला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. उष्णतेने घाई केली तर निकोटीन तपकिरी पडते आणि नाजूक वास उडून जातात, एवढेच फळ मिळते. या यंत्रांचे पैसे वाचवून ते चांगल्या काट्यावर आणि कुलुपाच्या पेटीवर घालावे, असा माझा निश्चित अभिप्राय आहे.

सरंजामातील शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत अधिक वेळा वगळली जाणारी, म्हणून तिच्याविषयी पुस्तिकाकाराने दाखवलेला आग्रह मला मनापासून आवडला. चिठ्ठ्या आणि वही. प्रत्येक बाटलीवर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: मिश्रणाचे नाव, निकोटीनची तीव्रता, बनवल्याची तारीख आणि निकोटीन विष आहे हे सांगणारा एक शब्द, जो घरातल्या कोणालाही वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे इंग्रजीत आणि मराठीत दोन्हींत असावा, कारण घरात आजीआजोबाही असतात आणि बाहेरून येणारी सांभाळणारी बाईही असते. वहीत प्रत्येक घटकाचे वजन, कोणत्या बाटलीतून घेतला तिचा घाणा क्रमांक, आणि काट्याने दाखवलेला प्रत्यक्ष आकडा, योजलेला नव्हे, लिहावा. योजलेला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांत फरक पडला की तो लपवण्याची ओढ माणसाला होते. आपल्या एकट्याच्या वहीतसुद्धा होते. दवाखान्यात चिठ्ठी लिहिणारा एक, मिश्रण करणारा दुसरा, घेणारा तिसरा आणि त्या सर्वांवर देखरेख करणारा निरीक्षक चौथा असतो, आणि त्यांपैकी एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येण्याची शक्यता राहते. घरी हे चौघेही आपणच असतो. बाकीच्या तिघांच्या गैरहजेरीत रुजवात घेणारे उरते ते आपल्याच हस्ताक्षरातले कालचे पान, आणि म्हणून त्या पानावर खरे लिहिले गेले पाहिजे.

पुस्तिकेतील हिशेबाची कोष्टके मी स्वतः काटा समोर ठेवून ताडून पाहिली आहेत आणि ती बिनचूक आहेत. वाचकाला माझी विनंती एवढीच की, काटा घरी आल्यावर पहिल्या दिवशी निकोटीनची बाटली उघडू नये. आधी नुसते ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि एकच अर्क घेऊन ३० मिलिलिटरची एक बाटली करावी, वहीत लिहावी, आठवड्याने तीच पुन्हा करावी. आणि दोन्ही बाटल्यांच्या नोंदी दोन दशांशस्थळांपर्यंत जुळल्या, तर मग निकोटीनचे प्रकरण वाचावयास घ्यावे.